जावयाचं आडनाव किम, लेकीचं मात्र माहेरचंच

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी लेक नोकरीसाठी दक्षिण कोरियात सुवनला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा गुणी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लग्नाला दीड वर्ष होत आलं तरी तिचं आडनाव आमचंच. विचारलं तर म्हणते, "आई, इथे बदलत नाहीत." सासू तिला नावाने हाकसुद्धा मारत नाही, 'आगा' की काहीतरी म्हणते. आता तिला सातवा महिना लागलाय. सासऱ्यांनी सांगून टाकलंय, की मुलगा झाला तर नावात 'ह्वान' हे अक्षर येणार; मुलगी झाली तर तुमचं तुम्ही बघा. माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले, त्यांचं नाव वसंत. नातू झाला तर वसंत ठेवावं अशी माझी फार इच्छा. लेकीने ती सासऱ्यांच्या कानावर घातली, तर ते म्हणाले, "गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं नाव लहान पोराला कसं देणार?" मला ते फार लागलं. त्यात शेजारच्या बाई म्हणतात, तिकडे निम्मे लोक किमच असतात, सगळे भाऊबंद, आणि मूळचे अयोध्येचे. यातलं खरं काय? आणि नावाच्या बाबतीत मी बोलू की गप्प बसू?
– एक होणारी आजी, चिंचवड

काकू, नमस्कार.

गप्प बसू नका. फक्त कशावर बोलायचं ते आधी ठरवून घेऊ. तुमच्या चार तक्रारींपैकी दोन मुळात तक्रारीच नाहीत. एका बाबतीत व्याह्यांचं बरोबर आहे. आणि एका बाबतीत ते साफ चुकताहेत, ते मात्र तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात.

आडनावाचं आधी. कोरियात लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. तुमच्या विहीणबाईंचं आडनाव काय ते लेकीला विचारून बघा. ई, पाक, च्वे, चॉङ, काहीही निघेल. सासरे, नवरा आणि मुलं एका आडनावाची, सासू आणि सून आपापल्या माहेरच्या, असंच तिथलं घर असतं. तेव्हा लेकीला कुणी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं नाही.

यावरून 'किती पुढारलेले लोक' असंही लगेच म्हणायला नको. ही चाल बाईच्या हक्कातून आलेली नाही. आडनाव म्हणजे बापाच्या वंशाची खूण, ती लग्नाने पुसली जात नाही, एवढाच त्यामागचा विचार. जुन्या वंशावळीत सुनेची नोंद 'अमुक गावच्या अमुक घराण्यातली' अशी व्हायची. तिचं स्वतःचं नाव बहुधा लिहीतच नसत. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून मुलीचं पाळण्यातलं नाव पुसलं जायचं, तिकडे ते कागदावर यायचंच नाही. दोघांनीही एकमेकांना नावं ठेवू नयेत हे बरं.

एक व्यवहाराची गोष्ट. हौसेने पासपोर्टवर सासरचं आडनाव लावून घे, असं लेकीला सांगू नका. तिथलं ओळखपत्र पासपोर्टप्रमाणे निघतं आणि बँकेपासून मोबाईलच्या सिमपर्यंत सगळं त्याच्याशी जुळावं लागतं. आपल्या पासपोर्टवरची लांबलचक नावं तिथल्या फॉर्ममधल्या तीन-चार चौकटींत बसवताना आधीच नाकी नऊ येतात. त्यात आणखी बदल कशाला?

'आगा'चं तर मनावरच घेऊ नका. आगा म्हणजे बाळ. नव्या सुनेला सासूसासऱ्यांनी मारायची ती लाडाची हाक आहे. कोरियन घरात नावाने हाक मारणं एकंदरीत कमीच, नात्याने हाक मारायची. बाळ झालं की तुमच्या लेकीला सगळे 'अमक्याची ऑम्मा', म्हणजे अमक्याची आई, म्हणायला लागतील. तेव्हाही 'माझ्या लेकीचं नावच गेलं' म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता किम. शेजारच्या बाईंचा आकडा थोडा सैल आहे. २०१५च्या जनगणनेत दक्षिण कोरियात किम होते २१.५ टक्के, म्हणजे पाचात एक. ई १४.७ टक्के (इंग्रजी स्पेलिंगमुळे आपण त्यांना ली म्हणतो) आणि पाक ८.४ टक्के (हे आपले पार्क, मूळ उच्चारात र नाहीच). तिघं मिळून पंचेचाळीसच्या जवळ जातात. पण भाऊबंद मात्र नाहीत. आडनावाइतकंच तिथे महत्त्वाचं असतं ते 'बोनग्वान', म्हणजे घराण्याचं मूळ गाव. एक किम किमहेचा, दुसरा ग्यॉङजूचा, तिसरा ग्वांगसानचा. मराठीत सांगायचं तर किमहेकर किम आणि ग्यॉङजूकर किम. आडनाव एकच, मूळपुरुष वेगळे.

हे प्रकरण आपल्या गोत्रासारखं चालतं आणि त्याने तितकाच छळही केलाय. एक आडनाव आणि एक बोनग्वान असलेल्यांनी लग्न करायला कायद्यानेच बंदी होती. नुसत्या किमहेकर किमांचीच संख्या ४४ लाखांच्या वर, म्हणजे तेवढ्या जणांत कुणी कुणाशी लग्न करायचं नाही, मग रक्ताचं नातं हजार वर्षं मागे का असेना. अशी जोडपी नोंदणीशिवाय संसार करत राहायची आणि मुलांच्या कागदपत्रांचे हाल व्हायचे. १९७८, १९८८ आणि १९९६ असं तीनदा सरकारने ठरावीक मुदतीपुरतं दार उघडलं, तेव्हा हजारोंनी नोंदण्या करून घेतल्या. शेवटी १९९७ साली तिथल्या घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. आता खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांपर्यंतच मनाई आहे.

मग एवढे किम आले कुठून? जुन्या काळी आडनाव ही राजघराण्याची आणि सरदारांची मिरास. दहाव्या शतकात कोर्यो राज्याचा संस्थापक वांग गॉन याने आपल्या बाजूच्या मातब्बरांना आडनावं आणि त्यांच्या मुलखाची नावं बहाल केली. बोनग्वानची पद्धत तिथून रुळली. शेतकऱ्यांना आणि गुलामांना मात्र शेकडो वर्षं आडनावच नव्हतं. कोर्योनंतर आलेल्या चोसॉन राजवटीच्या उत्तरार्धात पैसा हातात आलेले लोक मोठ्या घराण्यांच्या वंशावळीत आपलं नाव घुसवून घ्यायला लागले. या वंशावळीला 'जोक्बो' म्हणतात. घराणं मोठं म्हणजे कर आणि लष्करी बेगारी चुकणार, हिशोब सरळ होता. १८९४च्या सुधारणांत जातीसारखी उतरंड आणि गुलामी कागदोपत्री संपली, १९०९च्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला आडनाव लावणं भाग पडलं. ज्याला निवडायचंच आहे तो साधंसुधं कशाला निवडेल? कुणी मालकाचं घेतलं, कुणी गावातल्या बड्या घराण्याचं. किम, ई, पाक फुगले ते असे. प्रत्येक किमच्या घरी राजवंशाची जोक्बो असते आणि ती प्रेमाने दाखवतात. आपण प्रेमाने बघावी, उलटतपासणी करू नये.

अर्थ विचाराल तर कोरियन नावं पूर्वापार चिनी अक्षरांत लिहीत आले आहेत, आणि त्यात किमचं अक्षर सोन्याचं. ई म्हणजे आलुबुखारचं झाड. चोसॉनचे राजे जॉनजूचे ई. पाकची कथा मजेची आहे. प्राचीन कोरियातल्या सिल्ला राज्याचा पहिला राजा अंड्यातून जन्मला, ते अंडं भोपळ्यासारखं होतं, आणि भोपळ्याला कोरियनमध्ये 'पाक', म्हणून त्याचं आडनाव पाक. किमांच्या दोन मोठ्या घराण्यांच्या कथाही अशाच. ग्यॉङजूकरांचा मूळपुरुष जंगलात झाडाला टांगलेल्या सोन्याच्या पेटीत सापडला. किमहेकरांचा मूळपुरुष राजा सुरो, तो आकाशातून उतरलेल्या सोन्याच्या अंड्यातून निघाला.

अयोध्येचा धागा इथे येतो. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात असं आहे, की सोळा वर्षांची एक राजकन्या 'आयुता' देशातून जहाजाने आली आणि इ. स. ४८ मध्ये तिने सुरोशी लग्न केलं. तिचं नाव हॉ ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्या असं मानणारे दोन्हीकडे आहेत. २००१ साली शरयूकाठी तिचं स्मारक झालं, २०१८च्या दिवाळीत कोरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी तिथे येऊन गेल्या. पण ग्रंथ घटनेनंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेला आहे, त्यामुळे इतिहासकार याला दंतकथेच्या खात्यातच ठेवतात. कथेपुरतं बोलायचं तरी तिचा वारसा सांगणारे किमहेकर किम, किमहेकर हॉ आणि इंचॉनकर ई. हॉ का, तर राणीने आपलंही आडनाव पुढे चालावं म्हणून दोन मुलांना ते मागून घेतलं, असं सांगतात. म्हणून किमहेचे किम आणि हॉ एकमेकांत लग्न करत नसत. जावईबापू ग्यॉङजूकर निघाले तर अयोध्या बाद! तेव्हा पुढच्या फोनवर व्याह्यांना एवढंच विचारा : "तुमचं बोनग्वान कुठलं?" तासभर बोलतील, आणि तुमच्याबद्दलचं त्यांचं मतही बदलेल.

आता 'ह्वान'. व्याही हट्ट करताहेत असं तुम्हाला वाटतं, पण हे अक्षर त्यांनी आपल्या मनाने काढलेलं नाही. त्याला 'दोल्लिमजा' म्हणतात, फिरतं अक्षर. घराण्याच्या एका पिढीतल्या सगळ्या मुलांच्या नावात एक अक्षर सारखं. कोरियन नाव साधारण तीन अक्षरांचं : पहिलं आडनाव, मग दोन अक्षरांचं नाव, त्या दोनातलं एक पिढीचं, एक स्वतःचं. जावयाच्या चुलत भावांची नावं विचारा. सगळ्यांत एक अक्षर सामाईक निघेल, उदाहरणार्थ दोंग-हून, दोंग-सू, दोंग-ग्यू. ही अक्षरं घराण्याने कित्येक पिढ्या आधी ठरवून ठेवलेली असतात आणि बरीच घराणी ती पंचतत्त्वांच्या क्रमाने लावतात : लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, असा एकातून एक जन्म. दोंगच्या चिनी अक्षरात लाकडाचं चिन्ह असतं. 'तेजस्वी' अर्थाच्या ह्वानमध्ये अग्नीचं. बाप लाकूड असेल तर मुलगा अग्नी. बहुधा जागाही पिढीगणिक बदलते, बापाच्या नावात पुढे तर मुलाच्या नावात मागे.

आपल्या नावात स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. धागा वरून खाली जातो. त्यांच्याकडे वडिलांचं नाव मुलाच्या नावात येत नाही, मधलं नाव हा प्रकारच नाही. त्यांचा धागा आडवा जातो, भावंडं आणि चुलत भावंडं एकत्र बांधतो. जोक्बो जाणणारा म्हातारा अनोळखी पोराचं नाव ऐकून 'हा माझ्या पुतण्याच्या पिढीतला' एवढं ओळखतो. व्याह्यांना 'ह्वान' सोडायचं म्हणजे नातवाला त्या रांगेतून बाहेर काढल्यासारखं वाटत असणार. त्यांची बाजू ही अशी आहे.

आणि खरं सांगू, ह्वान हे अक्षर नशिबाने चांगलं आलंय. काही घराण्यांच्या वाट्याला 'सिक' किंवा 'दॉक' येतं, आणि आजचे आईबाप कपाळाला हात लावतात, कारण ती अक्षरं आजोबांच्या काळातली वाटतात. जी-ह्वान, सू-ह्वान, जुन-ह्वान ही मात्र आजही शोभणारी नावं. दुसरं अक्षर लेक-जावयाने निवडायचं. फक्त एक काळजी घ्यायची : उच्चार एक, चिनी अक्षरं अनेक. ह्वान म्हणजे तेज, ह्वान म्हणजे आनंद, आणि ह्वान म्हणजे आजारही. म्हणून अक्षर कुठलं ते पक्कं विचारून घ्या. नावात वापरायच्या चिनी अक्षरांची यादी तिथलं सर्वोच्च न्यायालय ठरवतं. २०१५ साली ती ८,१४२ अक्षरांची झाली आणि पुढेही वाढली. यादीबाहेरचं अक्षर नोंदणीत चालत नाही.

पण चिनी अक्षर असलंच पाहिजे असं मात्र कायदा म्हणत नाही. अस्सल कोरियन शब्दांची नावं गेल्या पन्नासएक वर्षांत बरीच रुजली आहेत : हानुल म्हणजे आकाश, इसुल म्हणजे दव, सुल्गी म्हणजे शहाणपण. दोल्लिमजा न पाळणारी घरंही आता ढीगभर आहेत. त्यातून कित्येकांनी काढलेली एक वाट तुम्हाला सुचवते. जन्मनोंदणीत आईबापांना आवडलेलं नाव घालायचं आणि जोक्बोत आजोबांच्या अक्षराचं. दोन्हीकडची मनं राहतात. ही सूचना तुम्ही करायची नाही, जावयाने वडिलांना करायची. मुलगा आपल्या बापाशी बोलतो आणि सासू गालात हसते, हे कुठल्याही देशात सोयीचं.

वसंतरावांचं नाव. इथे व्याह्यांचं बरोबर आहे, काकू. त्यांनी तुमच्या मिस्टरांचा मान राखला. तुमच्यापर्यंत तो नकार होऊन पोचला. कोरियात वडीलधाऱ्यांचं नाव लहानाला द्यायचं नाही, ही फार जुनी रीत. राजाच्या नावातलं अक्षर प्रजेने वापरायचं नाही, बापाच्या नावातलं मुलाने नाही. आजही कुणी "वडिलांचं नाव काय?" विचारलं तर नीट वळण लागलेला मुलगा सरळ नाव घेत नाही. आडनाव सांगतो, मग नावाचं एकेक अक्षर सुटं करून प्रत्येकापुढे 'जा', म्हणजे अक्षर, असं जोडतो. वडिलांचं नाव दोंग-सू असेल तर म्हणणार : "दोंग-जा, सू-जा." बापाचं नाव सलग उच्चारलं तर त्याला बरोबरीचं केल्यासारखं होतं. शिवाय मुलाच्या आईबापांच्या कुटुंबनोंदीत ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कुणाचं नाव त्याला देताही येत नाही, नोंदणी कचेरी अर्ज परत करते. व्याह्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय. वसंतरावांचं नाव घेऊन 'अरे गाढवा' म्हणायची वेळ घरावर येऊ नये, इतकाच त्यांचा अर्थ असणार.

आणि आपल्याकडे तरी काय होतं? नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, मग सून सासऱ्याचं नाव घेऊन पोराला रागवणार कशी, म्हणून त्याला जन्मभर 'बाळ' नाहीतर 'अप्पा' म्हणतात. तुमच्याच नात्यात असे दोन-तीन अप्पा सापडतील.

मग वसंतरावांची आठवण कशी ठेवायची? अर्थाने ठेवा. वसंत ऋतूचं चिनी अक्षर कोरियनमध्ये 'छुन'. पण छुन असलेली नावं आज आजी-आजोबांच्या पिढीची वाटतात, छुन-जा, छुन-सिक वगैरे. नातवंडाला शाळेत चिडवतील. त्यापेक्षा अस्सल कोरियन शब्द आहे 'बोम', म्हणजे वसंत. 'सेबोम', नवा वसंत, हे तिथे खरोखर ठेवतात आणि ते आजच्या कानाला गोड लागतं. मुलगी झाली तर माझं मत डोळे मिटून सेबोमला. व्याह्यांना ते वडिलांचं नाव आहे असं वाटणार नाही, आणि तुम्ही अर्थ सांगाल तेव्हा हरकतही घेता येणार नाही. मुलगा झाला तर कागदावर जी-ह्वान असू दे आणि तुमच्या फोनवर तो तुमचा वसू. घरच्या नावावर कुठल्याच कचेरीचा शिक्का लागत नाही. फक्त लेकीला आधी विचारा. वडील तिचे होते; ते नाव रोज तोंडी यावं असं तिला वाटतं की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आणि आता ज्याचा मला राग आला ते. "मुलगी झाली तर तुमचं तुम्ही बघा." पिढीचं अक्षर मुलग्यांना द्यायचं, मुलींना नाही, ही तिथली जुनी रीत, मुलगी दुसऱ्याच्या घरची, तिला रांगेत कशाला उभं करायचं? मुलींच्या नावांचा तिथला इतिहास आपल्याइतकाच कडू आहे. आता मुली पुरे म्हणून 'माल-सुन', 'माल-जा' ठेवायचे, माल म्हणजे शेवट. आपल्याकडच्या नकुशी वेगळ्या नव्हत्या. २०११ साली साताऱ्यात समारंभ करून शेकडो नकुशींना नवी नावं दिली गेली. जपानी अमलात तर कोरियन मुलींच्या नावांना जपानी वळणाचं 'जा' शेपूट लागलं, यॉङ-जा, सुन-जा. आज सत्तरी-ऐंशीच्या कोरियन आज्या बघाल तर निम्म्या जा-वाल्या. १९४० साली जपान्यांनी आडनावंसुद्धा जपानी करायला लावली, सहा महिन्यांत सुमारे ऐंशी टक्के घरांनी केली, आणि १९४६च्या हुकमाने मूळ नावं परत मिळाली. नावाला इतके जपणारे लोक का झाले, ते यावरून कळतं. पण म्हणून नातीला सोडून द्यायची मुभा मिळत नाही. बरीच घरं आता मुलींनाही पिढीचं अक्षर देतात, जोक्बोत मुलींची नावं लिहितात. तुम्हाला बोलायचंच असेल तर यावर बोला, आणि भांडून नको : "मुलगी झाली तरी नाव आजोबांनीच सुचवावं, अशी माझी इच्छा आहे." सून परदेशी, विहीण परदेशी, आणि मान तर त्यांनाच देताय. म्हातारा विरघळला नाही तर मला कळवा.

लेकीला मराठी वळणाचं नाव हवं असेल तर दोन्हीकडे चालणारी आहेत. जुही तिथेही आहे, उच्चार तोच, अक्षरं दोन. मीना चालतं. मीरा ठेवू नका. मिरा हे तिथे मुलीचं नाव असतं खरं, पण त्याच उच्चाराचा शब्द इजिप्तमधल्या ममीसाठीही आहे. गीता म्हटलं की गिटार ऐकू येतं. ओम तर मुळीच नको, 'ओम' म्हणजे खरूज! इंग्रजी v सारखा व आणि z सारखा झ हे आवाज कोरियनमध्ये नाहीत, त्यामुळे विराजचा बिराज होणार आणि श्रुतीची शुरूती. एरवी नाव आडनाव सोडून पाच अक्षरांत बसवावं लागतं; आई परदेशी असेल तर काय नियम, ते कचेरीत विचारून घ्या. जन्मानंतर महिन्याच्या आत नोंदणी करायची असते, उशिराला दंड आहे. आडनाव वडिलांचं लागेल. आईचं लावायची सोय २००८पासून आहे, पण ते लग्नाच्या नोंदणीच्या वेळी ठरवायचं असतं, ती वेळ गेली. इंग्रजी स्पेलिंग मात्र पहिल्या पासपोर्टच्या आधी नीट ठरवा, नंतर बदलायला सरकार सहसा तयार होत नाही.

जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ या 'चार खांबांची' पत्रिका बघून नाव काढून देणारी 'जाक्म्यॉङसो' नावाची दुकानंही आहेत. विहीणबाई तिकडे जायचं म्हणाल्या तर जाऊ द्या, आपणही नावरस काढतोच की.

उरलं तुमच्या हक्काचं. जन्माआधी पोटातल्या बाळाला एक लाडाचं नाव ठेवतात, त्याला 'थेम्यॉङ' म्हणतात. ते नोंदवायचं नसतं, अक्षर बघायचं नसतं, आणि घरातलं कुणीही ठेवू शकतं. अजून ठेवलं नसेल तर आजच फोन करून मराठी नाव सुचवा. चिमणी, मोदक, काहीही. मोदकमध्ये व-झ येत नाही, विहीणबाईंना सहज म्हणता येईल. जावयाला नुसतं नावाने हाक मारू नका. सासूने जावयाला 'किम सॉबांग' म्हणायचं, तो तुम्हाला 'जांगमोनिम' म्हणेल. विहीणबाईंना 'साबुइन'. एवढे तीन शब्द पाठ करा.

आणि बाळंतविड्याचा खोका पाठवाल त्यावर कुणाचंही नाव लाल पेनने लिहू नका, शुभ म्हणून कुंकवानेही नको. तिथे लाल अक्षरात नाव मेलेल्या माणसाचं मानतात. निळा किंवा काळा पेन घ्या. बारसं तुम्हाला तिथे जाऊनच करायचं असेल तर शंभराव्या दिवशीचं बघा. त्या दिवशी ते 'पेगिल' करतात, तांदळाचा पांढरा केक वाटतात, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्यांना आधी सांगून ठेवलंत तर त्याच दुपारी पाळणा म्हणता येईल. तिकीट त्या हिशोबाने काढा.